पाणी न पिणारी वीट

सातव्या भट्टीची वीटही नापास झाली. नागनाथबाबू वाघमारे ओलं फडकं खांद्यावर टाकून वाण्याच्या दुकानात उभे होते, काट्यावर वीट होती आणि वाणी आकडा सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असा वाचत होता.

"तीन किलो सहाशे नव्वद! काल कोरडी किती व्हती, बाबू?"

"तीन किलो."

"म्हंजे?"

"शंभराले तेवीस. नापास."

"अवं माय, हे बी गेली का?" शेंगदाणे घ्यायला आलेली शेजारची विमलबाई हळहळली. दहावीचे निकाल लागायला अजून वेळ होता. तोवर गाव विटांच्या निकालांवर दिवस काढत होतं.

हिशेब सोपा होता. कोरडी वीट तोलायची, चोवीस तास पाण्यात बुडवायची, पुसून पुन्हा तोलायची. वजन जितकं वाढलं तितकं पाणी ती प्यायली. साधी वीट शंभराला वीसपर्यंत प्यायली तरी चालते. पण नागनाथबाबूंना साधी नको होती. त्यांना हवी होती ती सातच्या आत पिणारी, काळपट, टणक, पुलांना आणि कारखान्यांना लावतात ती इंजिनिअरिंग वीट. आता एवढी वीट कशाला, तर पूल बांधायला नव्हे. तेलंगणात, नेरडीगोंड्याच्या अलीकडे हायवे सोडून दोन किलोमीटर आत असलेल्या या गावात त्यांचं वडलांच्या वेळचं दोन खोल्यांचं घर होतं, आणि त्या घराची दहा फूट लांब, नऊ फूट उंच अशी मागची एक भिंत नव्यानं उभी करायची होती. बस.

गेल्या पावसाळ्यात त्या भिंतीत पाणी मुरलं. दिवाळीपर्यंत तिला पोट सुटलं, आणि तेही बाहेर नाही, आत, पंचफुलाबाईंच्या खाटेवर. पंचफुलाबाई म्हणजे नागनाथबाबूंची बायको. मार्चमध्ये मोरीत घसरल्या आणि कंबरेचं हाड मोडून घेतलं. आदिलाबादच्या डॉक्टरनं आत स्टीलचा खिळा घालून घरी पाठवलं आणि सांगितलं, तीन महिने पाय खाली टेकवायचा नाही. तेव्हापासून त्या खाटेवर, खाट भिंतीला लागून, आणि भिंत रोज तसूभर त्यांच्याकडे येत होती.

"खाट पुढच्या खोलीत घेऊ," नागनाथबाबू म्हणाले होते.

"पुढच्या खोलीचे टीनाचे पत्रे मले भाजून काढतीन. आन् येथून दारातून सरळ सडक दिसते. कोन आलं, कोन गेलं, तेवढंच तं रायलं माह्या हाती."

"मंग दुसऱ्याच्या घरी नेऊ. विमलबाईकडं."

"खाटेवरून मानूस घराबाहेर एकदाच जाते," पंचफुलाबाई म्हणाल्या. "मी अंधश्रद्धा मानत नाई. पन उगीच रंगीत तालीम कायले करू?"

आता कोणीही शहाणा माणूस अशा वेळी मिळेल ती वीट आणून आठ दिवसांत भिंत उभी करतो. मुलगा हर्षदीप मुधोळला शाळामास्तर होता. तो फोनवर तेच सांगून थकला. "बाबा, कोनतीबी वीट घ्या, पन मृगाच्या आत काम करा." नागनाथबाबू हो म्हणत आणि आठव्या भट्टीची वीट आणायला निघत. घरातल्या दोन्ही बादल्या, कपडे धुण्याचं घमेलं आणि हंडा, सगळ्यांत विटा बुडाल्या होत्या. पंचफुलाबाईंना तोंड धुवायला तांब्याभर पाणी हवं असलं, की आधी वीट बाजूला सरकवावी लागे. परसात नापास विटांचा ढीग झाला होता, प्रत्येक भट्टीच्या दोन-दोन.

लोक म्हणत, म्हातारा चळला. पण कारण होतं, आणि ते नागनाथबाबूंनी कोणालाच सांगितलं नव्हतं.

ते एकतीस वर्षं एका सरकारी दफ्तरात कारकून होते. बांधकामाच्या मालाची तपासणी करणारं दफ्तर. विटांच्या तपासणीचं रजिस्टर त्यांच्याकडे. दफ्तरात विटा भिजवायला सिमेंटची एक मोठी टाकी होती आणि एकतीस वर्षांत त्या टाकीत एकही वीट पडली नाही. उन्हाळ्यात साहेबांची टरबुजं पडत, थंड व्हायला. ठेकेदाराची वीट यायची, ती कोपऱ्यात ठेवायची, आणि साहेब म्हणायचे, "लिहा नागनाथ, साडेअकरा." नागनाथबाबू लिहीत. अक्षर मोत्यासारखं. कधी चेंज म्हणून साहेब बारा म्हणत, तर कधी अकरा.

मग बावीस वर्षांपूर्वी एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघराची भिंत भर दुपारी पडली. गयाबाई नावाची स्वयंपाकीण भाकरी थापत बसली होती. ती भिंतीखाली गेली. चौकशी आली, रजिस्टर मागवलं गेलं. चौकशीच्या साहेबानं पानं उलटली, त्या वसतिगृहाच्या विटेपुढे साडेअकरा लिहिलेलं पाहिलं, कुठे खाडाखोड नाही, कुठे शाईचा डाग नाही. तो म्हणाला, "रजिस्टर असावं तर असं." सगळे सुटले. पंचनाम्यात भिंत पडण्याचं कारण 'अतिवृष्टी' असं लिहिलं गेलं. महिना एप्रिल होता.

तेव्हा नागनाथबाबू म्हातारपणी विटा भिजवत होते ते उगीच नाही. एकदा तरी खरी वीट, खऱ्या पाण्यात, खरे चोवीस तास. आणि भिंतीखाली या वेळी पंचफुला होती.

यातून गावात भलतंच झालं. लोक भट्टीवर जाऊन विचारू लागले, "बाबूनं पास केली का तुमची वीट?" आणि ज्या सातव्या भट्टीची वीट तेवीस टक्के प्यायली, ती भट्टी सुधाकररावांची होती. सुधाकरराव कापसाचे शेतकरी, विटांचा धंदा जोडीला. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याच्या भट्टीत कोळसा कमी पडे आणि बोलण्यात साखर जास्त.

ते ट्रॅक्टर घेऊन दारात आले. "जय भीम, नागनाथबाबू! काऊन वो, आमची वीट पानी जास्त पेते म्हने?"

"तेवीस टक्के."

"मंग गरमी किती हाय! मानूस पेत नाई का?" ते ओट्यावर बसले. "हे पाहा, मी भांडाले नाई आलो. तुमी फक्त एक कागद लिहून द्या. तपासली, ठीक हाय, म्हून. तुमचं अक्षर मोठं नामी हाय, सारा मंडल जानते."

"खोटं नाई लिहीत मी," नागनाथबाबू म्हणाले. हे वाक्य त्यांनी जन्मात पहिल्यांदा उच्चारलं असल्यामुळे ते जरा घोगरं निघालं.

"लिहान, लिहान. मी परवा येतो." आणि ते खरोखर परवा आले. मग तेरवा आले. मग दर दोन दिवसांनी येऊ लागले, कधी कैऱ्या घेऊन, कधी नुसतेच. पंचफुलाबाईंना ते आवडत, कारण सगळ्या गावाच्या बातम्या त्यांच्याकडे असत.

शेवटी वीट सापडली ती बेल्लमपल्लीला. तिथे खाणीच्या जमान्यातलं एक जुनं इंजिनघर पाडलं होतं आणि त्याच्या विटा एक भंगारवाला विकत होता. नागनाथबाबू बसनं गेले, बादलीसकट. कंडक्टरनं बादलीत डोकावून पाहिलं आणि तिकीट फाडून पुढं गेला. भंगारवाल्यानं एका विटेवर दुसरी आपटली. टण्ण! देवळातल्या घंटेसारखा आवाज. "देखो सेठ, सौ साल पुराना माल. तोप से भी नहीं टूटेगा."

"पानी कितना पीता है?"

"ईंट है, शराबी थोडे है," भंगारवाला म्हणाला.

नागनाथबाबूंनी तिथेच नळ शोधला, बादली भरली, ओळखीच्या एका निवृत्त खाणकामगाराच्या घरी मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी वीट काढून तोलली. शंभराला चार! त्यांनी तीनदा तोलली. चार म्हणजे चारच. भंगारवाल्याच्या अंगणात, चिखलात उभं राहून त्या म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. एकतीस वर्षांत रजिस्टरात पास लिहिलेल्या सगळ्या विटांपुढे खरी पास झालेली ही एकच.

लॉरी आली तेव्हा गाव बघायला जमलं. वाण्यानं स्वतः काटा बाहेर आणला. "पास! बाबूची वीट पास!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. विमलबाईनं विटेला हात लावून पाहिला. पंचफुलाबाई खाटेवरून म्हणाल्या, "आता पेढे वाटा. आन् भिंत कवा?"

भिंत चंचल मेस्त्री बांधणार होता. आईबापानं चंचल नाव कोणत्या मुहूर्तावर ठेवलं देव जाणे, गडी विडी पेटवायलाही दोन काड्या आणि दहा मिनिटं घेई. पण हात पक्का होता. त्यानं विटा पाहिल्या आणि म्हणाला, "झकास. फक्त आजची रात भिजू द्या."

"भिजवायच्या?"

"मंग! वीट भिजवल्याबिगर भिंत असते का? माह्या बापानं भिजवल्या, आज्यानं भिजवल्या. कोरडी वीट सिमेंटच्या मालातलं पानी पिऊन टाकते, माल भुसभुशीत व्हते. भिजवाच लागते."

हे खरंच होतं. या भागात शंभर वर्षं प्रत्येक भिंत भिजवलेल्या विटेची आहे. आणि नागनाथबाबूंना तर भिजवणं म्हणजे आता धर्मकार्य झालं होतं. त्यांनी परसात खड्डा खणवला, ताडपत्री अंथरली, पाणी भरलं आणि एकूण एक वीट आपल्या हातानं बुडवली. चंचल म्हणाला रातभर, बाबूंनी ठेवल्या पूर्ण चोवीस तास. पंचवीसही केले असते, पण पंचफुलाबाई ओरडल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे जुनी भिंत पाडली. खाट चार हात पुढे ओढली. मागची बाजू उघडी पडली आणि मागून शेताकडे जाणारी पायवाट थेट पंचफुलाबाईंच्या उशाशी आली. जाणारा येणारा प्रत्येक माणूस थांबून कंबरेची चौकशी करी. एक शेळी आत येऊन औषधाच्या गोळ्यांचा कागद खाऊन गेली. दहा वाजेपर्यंत पंचफुलाबाईंचा जीव कंटाळला. "चंचल, आजच्या आज पुरी भिंत उभी कर! सारं गाव मले उघड्यावर पाहून राह्यलं!"

"काकी, एका दिसात एवढी उंच..."

"मी म्हनते ना!"

त्या गावात पंचफुलाबाईंपुढे मेस्त्री काय, महसूलचा गिरदावरही बोलला नसता. चंचलनं आयुष्यात पहिल्यांदा हात चालवला. थरावर थर चढला. दुपारी चारला भिंत डोक्याच्या वर गेली, पाचला नऊ फुटांवर पोचली. मजूर हात धुऊन गेले. त्या दिवशी गावात लग्न होतं, सगळ्यांना पंगत गाठायची होती, आणि सडकेपलीकडच्या मंडपातला डीजे असा वाजत होता की घरातली भांडी थरथरत होती.

नागनाथबाबू खाट आणि भिंत यांच्या मधल्या जागेत उभे राहून भिंतीकडे बघत होते. सुंदर. काळपट, चमकदार. मग त्यांना वाटलं, मधला एक थर जरासा पुढे आला आहे. त्यांनी चष्मा पुसला. थर अजून पुढे आला.

"चंचल, हे पाह्य बरं."

चंचलनं बोट लावलं. विटांच्या मधून सिमेंटचं पाणी सुळसुळ खाली उतरत होतं. त्याचा चेहरा उतरला. "काका... हे वीट पानीच पेत नाई ना."

"नाई पेत! चार टक्के!"

"तेच तं! काल भिजवलेलं पानी सारं वरच रायलं, पोटात गेलंच नाई. मालातलं बी पेऊन नाई राह्यली. माल पातळच्या पातळ. काका, विटा पवून राह्यल्या!"

पोहत होत्या खऱ्या. ज्या गुणासाठी ती पास झाली होती, त्याच गुणानं ती भिंत आता निसटत होती. मधले पाच थर एकदम आत झुकले. चंचलनं उडी मारून पाठ लावली. नागनाथबाबूंनी पाठ लावली. मधे पोट सुटलं तेव्हा पंचफुलाबाईंना चहा घेऊन आलेल्या विमलबाईनं कप खाटेवर ठेवला आणि तिनंही लावली. तिघं ओळीनं, भिंतीला पाठ, टाचा जमिनीत रोवलेल्या, तोंडं खाटेकडे.

आणि खाटेवर पंचफुलाबाई, दोन हातांच्या अंतरावर.

मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. पंचफुलाबाईंना हलवायला निदान दोन माणसं लागणार. तिघांतला एक जरी हलला, तरी भिंत खाली. आणि भिंत खाली म्हणजे पंचफुलाबाईंवर.

"सोडू नका!" पंचफुलाबाई ओरडल्या.

"नाई सोडत," नागनाथबाबू म्हणाले.

"विमल, ओरड!"

विमलबाई ओरडली. तिचा आवाज एरवी हायवेपर्यंत जात असे. पण लग्नातल्या डीजेनं तो दारातच खाल्ला.

"फोन! तुझा फोन उशाले हाय!" नागनाथबाबू म्हणाले. पंचफुलाबाईंनी फोन काढला. त्यात तीनच नंबर होते. डॉक्टर, हर्षदीप आणि नागनाथ. त्यांनी घाईत लावला तो नागनाथ. समोरच्या खुंटीवर टांगलेल्या सदऱ्यात फोन वाजू लागला. चौघंही त्या वाजणाऱ्या सदऱ्याकडे बघत राहिले.

"मले कायले लावते!"

मग हर्षदीप लागला. त्यानं सगळं ऐकलं, दोनदा ऐकलं, आणि म्हणाला, "आई, मी आत्ता निघतो. दोन घंट्यात पोचतो. तोवर बाबांना म्हनावं सोडू नका." फोन बंद झाला.

"दोन घंटे," चंचल म्हणाला. त्याच्या टाचा सरकत होत्या. सिमेंटचं पाणी तिघांच्या पाठीवरून खाली ओघळत होतं. "काका, अर्धा घंटा बी नाई निघत."

नागनाथबाबू बायकोकडे बघत होते. पंचेचाळीस वर्षांत त्यांनी तिच्याकडे इतका वेळ सलग पाहिलं नव्हतं. समोरून दुसरीकडे कुठे बघायची सोयच नव्हती. आणि त्यांच्या तोंडून बावीस वर्षं अडकलेलं बाहेर आलं.

"पंचफुला, ते गयाबाई... वसतिगृहाची. तिच्या भिंतीची वीट मी भिजवलीच नव्हती. साडेअकरा लिहिलं. नुसतं लिहिलं."

विमलबाईनं मान वळवून पाहिलं. चंचल खाली बघू लागला.

"मले ठाऊक हाय," पंचफुलाबाई म्हणाल्या.

"काय?"

"त्या दिवशी तुमी जेवले नाई. मंग दर साली त्या तारखेले जेवत नाई, पोट दुखते म्हनता. बावीस वर्स एकाच तारखेले पोट दुखते व्हय कोनाचं? मी का आंधळी हावो?" त्यांचा आवाज फाटला. "कवा सांगसान म्हून वाट पाहून राह्यली व्हती. सांगितलं तं कवा? भिंत अंगावर येऊन राह्यली तवा!"

"मी तिले मारलं, पंचफुला."

"तुमी एकट्यानं नाई. पन तुमी बी," पंचफुलाबाई म्हणाल्या. "आता रडू नका, पाय सरकन."

तेवढ्यात दाराशी ट्रॅक्टर थांबला. सुधाकरराव लग्नाच्या पंगतीतून उठून, नवा फेटा बांधून, कागद आणि पेन घेऊन आले होते. आज परवा होता.

"जय भीम, नागनाथबाबू! झाली का भिंत? वा! काय उभे राह्यले तिघं ओळीनं, फोटो काढून राह्यले का?"

"सुधाकरराव, पंचफुलाले उचला!"

धंद्यात कसेही असोत, सुधाकररावांना सांगावं लागलं नाही. त्यांनी कागद खिशात कोंबला, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर करणला हाक मारली. खाट सुटी केल्याशिवाय दारातून जाईना, ती खोलीतच जोडलेली होती. मग दोघांनी पंचफुलाबाईंच्या खालच्या गोधडीची चार टोकं धरली आणि त्यांना झोळीसारखं उचलून दाराबाहेर काढलं. कंबरेतल्या कळेनं पंचफुलाबाईंनी जी किंकाळी फोडली, ती नेमकी डीजेची गाणी बदलत होती त्या मधल्या शांततेत पडली. लग्नाचं सगळं वऱ्हाड वळलं. त्यांना दिसलं ते हे : घरातून फेटेवाला माणूस पाणावल्या डोळ्यांनी बाहेर येतो आहे आणि गोधडीत पंचफुलाबाई. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. कोणीतरी डीजे बंद केला. आत्ता बंद केला, बघा.

"सोडा आता!" पंचफुलाबाई अंगणातून ओरडल्या.

विमलबाई सुटली. चंचल, आयुष्यात पहिल्यांदाच म्हणावं तर, विजेसारखा दाराबाहेर पडला. नागनाथबाबू मात्र तिथेच उभे राहिले. भिंत एकट्याच्या पाठीवर उतरत होती आणि त्यांना क्षणभर वाटलं, हे बरंच आहे.

"अवो, सोडा म्हनते ना! मले चहा कोन देईन?"

तेव्हा ते निघाले. मागे भिंत खाटेवर कोसळली आणि लोखंडी खाटेचा मधून पार कोयता झाला. विमलबाईनं ठेवलेला चहाचा कपही गेला.

हर्षदीप दोन घंट्यांनी आला तो बायकोला, सासऱ्याला आणि हार घेऊन. वाटेत सात जणांनी त्याला फोन करून आई गेल्याचं सांगितलं होतं. आई ओट्यावर उशा लावून चहा पीत होती. "हार कायले आनला?" तिनं विचारलं. हर्षदीप म्हणाला, "भिंतीले," आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडू लागला.

भिंत पुन्हा बांधली ती कोरड्या विटांनी, दिवसाला चारच थर. नऊ दिवस लागले. ती आजही उभी आहे आणि आपण सगळे गेल्यावरही उभी असेल. खाट लोहारानं सरळ करून दिली. पंचफुलाबाई तिच्यावर, तोंड दाराकडे.

दहाव्या दिवशी सुधाकरराव आले. उपकाराचा शब्द काढला नाही. नुसता तोच चुरगळलेला कागद मांडीवर सपाट करत बसले. नागनाथबाबूंनी पंचफुलाबाईंकडे पाहिलं. मग त्यांनी कागद घेतला, पेन घेतलं, आणि दफ्तराच्या सवयीनं इंग्रजीत, मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं : चोवीस तास भिजवून तपासणी केली, पाणी शंभराला तेवीस, मर्यादेबाहेर, भिंतीच्या कामाला नापास. खाली सही, तारीख.

बावीस वर्षांत हात इतका हलका वाटला नव्हता. "सुधाकरराव, तुमचे उपकार जन्मभर फेडीन. पन याच्यात नापास लिहिलं हाय."

सुधाकररावांनी अक्षराकडे डोळे भरून पाहिलं. "लिहा ना. वाचते कोन?" ते म्हणाले आणि कागद जपून घडी करून घेऊन गेले.

खरंच कोणी वाचला नाही. त्यांनी तो प्लॅस्टिकमध्ये मढवला, ट्रॅक्टरच्या पुढे तारेनं बांधला आणि गावोगाव सांगितलं, "नागनाथबाबूची तपासलेली वीट." भट्टीवर गर्दी झाली. पंधरा दिवसांत निम्मा माल संपला.

मृग लागायच्या आदल्या आठवड्यात, सकाळी, पंचफुलाबाई नेहमीप्रमाणे दारातून सडक बघत होत्या. "सुधाकररावचा ट्रॅक्टर चालला," त्या म्हणाल्या. "भरून विटा. कुटं वो?"

नागनाथबाबू हंड्यातून पाणी काढत होते. आता हंड्यात पाणीच असे. "अंगनवाडीची नवी खोली बांधून राह्यले."

पंचफुलाबाईंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. नागनाथबाबूंनी तांब्या खाली ठेवला आणि अनवाणी धावत सुटले. ट्रॅक्टरच्या पुढे जाऊन दोन्ही हात आडवे केले. करणनं कचकन ब्रेक लावला.

"ही वीट नाई जायची. नापास हाय!"

"काऊन नाई?" करण खाली वाकला आणि मढवलेल्या कागदावर बोट ठेवलं. "हे पाहा. तुमचीच तं सही हाय, काका. सरका."

"वाच त्याच्यात काय लिहिलं ते!"

"मले इंग्लिश येत नाई. अंगनवाडीच्या ठेकेदारानं पायला, मोठ्या साहेबानं पायला. सारे म्हनले, कागद असावा तं असा. सरका ना काका, माल उतरवायचा हाय." आणि त्यानं गिअर टाकला. ट्रॅक्टर हातभर पुढे आला.

नागनाथबाबू सरकले नाहीत. त्यांनी वळून ट्रॅक्टरच्या नाकाला पाठ लावली, नेमकी कागदावर, आणि दोन्ही टाचा मातीत रोवल्या. इंजिनची धडधड पाठीच्या कण्यातून वर येत होती. तोंड घराकडे होतं. उघड्या दारातून पंचफुलाबाई दिसत होत्या, दोन्ही हातांवर भार देऊन अर्ध्या उठलेल्या, डॉक्टरनं बजावलं होतं तरी.

"अवो," त्या ओरडल्या, "सोडू नका!"